आधी जागा ओळखा, मग शोधा

जूनमध्ये शाळा उघडल्या की घराघरांत मोबाइलवर शोध सुरू होतो. कुणी ‘दहावी विज्ञान नोट्स मराठी’ असं टाइप करतं, कुणी ‘पाचवी गणित पीडीएफ फ्री’. उघडलेल्या पहिल्या पानावर ‘डाउनलोड’ची बटणं पुष्कळ असतात, पण त्यातली बहुतेक जाहिरातींची. दुसरं पान आधी मोबाइल नंबर मागतं, आणि तो दिला की संध्याकाळपासून क्लासवाल्यांचे फोन सुरू होतात. तिसरं पान मराठी वाटतं, पण उघडल्यावर कळतं की ते हिंदीत आहे आणि दुसऱ्याच बोर्डाचं आहे. वेळ जातो, डेटा संपतो आणि घरातलं मोठं माणूस निकाल देऊन टाकतं: मराठीत काही मिळतच नाही, त्यापेक्षा गाइड आणू या.

हा निकाल खरा नाही. मराठीत शिकण्यासाठी चांगलं, तपासलेलं आणि मोफत असं बरंच काही इंटरनेटवर आहे. त्यातलं पुष्कळसं तुमच्याआमच्या कराच्या पैशांतून तयार झालं आहे, तर काही शिक्षकांनी आणि स्वयंसेवकांनी स्वतःचे कष्ट घालून सर्वांसाठी खुलं ठेवलं आहे. ते सापडत नाही, कारण आपण शोधाची सुरुवात चुकीच्या टोकानं करतो. पालकांना, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की हा क्रम बदला. हवी ती गोष्ट कोणत्या संस्थेनं तयार केली असेल याचा आधी विचार करा, त्या संस्थेच्या जागी जा आणि तिथे शोधा.

असं का करायचं, तेही समजून घ्या. तुमचं मूल कितवीत आहे, कोणत्या माध्यमात शिकतं, बोर्ड कोणतं आहे, हे शोधयंत्राला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. वरच्या जागा बऱ्याचदा जाहिरातींना आणि शोधात वर येण्यासाठीच लिहिलेल्या पानांना मिळतात. सार्वजनिक संस्थांचं साहित्य मात्र एखाद्या ॲपच्या किंवा संग्रहाच्या आत असतं. मराठीची आणखी एक अडचण आहे. युनिकोड रूढ होण्याआधी आपल्याकडे श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये हजारो पानं टाइप झाली. आपल्याला ती पडद्यावर देवनागरी दिसतात, पण यंत्राच्या लेखी त्यामागे भलतीच अक्षरं असतात. स्कॅन करून टाकलेली पानं तर नुसती चित्रंच. अशा फायलीत ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द शंभरदा आलेला असला, तरी तुमच्या शोधात ती फाइल बहुधा येणार नाही. म्हणून धड्यातला शब्द शोधण्याआधी पुस्तकाचं आणि संस्थेचं नाव शोधा.

काय हवं असेल तर कुठे जायचं

शाळेचं पुस्तक हवं असेल तर थेट ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर जा. पुण्याचं पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, १९६७ पासून ही पुस्तकं काढते आहे. मराठी आणि इतर माध्यमांच्या पुस्तकांच्या पीडीएफ तिथे मोफत मिळतात. दुसऱ्या कुठल्या संकेतस्थळावरून तेच पुस्तक उतरवून घेण्याचं काही कारण नाही, कारण तिथे जुनी आवृत्ती किंवा पानं गळालेली प्रत असू शकते. बालभारतीचंच ‘किशोर’ मासिक १९७१ साली सुरू झालं, आणि त्याचे जुने अंकही वाचायला खुले आहेत. वाचनाची गोडी लागलेल्या मुलासाठी तो मोठाच खजिना आहे.

पुस्तकातल्या क्यूआर कोडकडेही लक्ष द्या. केंद्र सरकारचं दीक्षा हे व्यासपीठ २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालं. पाठ्यपुस्तकातला कोड दीक्षा ॲपनं स्कॅन केला की त्या धड्याशी जोडलेले व्हिडिओ, प्रश्न आणि इतर साहित्य उघडतं. कॅमेरा खराब असेल किंवा पान फाटलेलं असेल तरी अडत नाही. कोडसोबत सहा अक्षरांचा एक क्रमांक छापलेला असतो, तो ॲपमध्ये टाइप केला तरी चालतं. पुस्तक घरात असूनही हे दार अनेकांनी कधी उघडलेलं नसतं. आज उघडून बघा.

विज्ञानातली एखादी कल्पना डोक्यात बसत नसेल तर नोट्स वाढवून उपयोग होत नाही, करून बघावं लागतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यात विद्युतमंडल, बल, अपूर्णांक, अणूची रचना अशा विषयांचे प्रयोग पडद्यावर स्वतः हाताळता येतात. त्यातले पुष्कळ मराठीत आहेत, आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालतात. हातानं काही बनवायचं असेल तर पुण्याच्या अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ आहे. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, जुनी वर्तमानपत्रं यांतून खेळणी करून विज्ञान कसं शिकावं, हे तिथल्या छोट्या चित्रफिती दाखवतात. मराठी पुस्तकंही तिथे भरपूर आहेत.

लहान मुलांना गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर पाहा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात मराठी चित्रकथा आहेत आणि त्या वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत. परदेशात शनिवार-रविवारी मराठी शाळा चालवणाऱ्यांनाही याचा चांगला उपयोग होईल. सोप्या वाक्यांच्या पहिल्या पातळीपासून मुलांना हळूहळू वर नेता येतं.

कॉलेजच्या आणि नोकरी करणाऱ्या मंडळींसाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प मला फार मोलाचा वाटतो. लिब्रे ऑफिस, लिनक्स, पायथन अशी मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे पाठ त्यात आहेत, आणि अनेक पाठांचा आवाज मराठीत आहे. पाठ बघायचा, थांबवायचा, तेच आपल्या संगणकावर करून बघायचं आणि पुढे जायचं, अशी त्याची रीत आहे. अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या वरच्या अभ्यासासाठी आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा एनपीटीईएल आहे, तर बाकीच्या अनेक विषयांसाठी २०१७ पासूनचं स्वयम. दोन्हीकडे शिकायला पैसे पडत नाहीत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच शुल्क भरावं लागतं.

संदर्भ शोधायचा असेल तर वाईच्या मराठी विश्वकोशाचे खंड इंटरनेटवर आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली सुरू झालेलं हे काम आज खिशातल्या फोनवर वाचता येतं. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, आणि तिथल्या लेखाखाली दिलेले संदर्भ हे पुढच्या शोधाचं उत्तम साधन आहे. आयआयटी खरगपूरनं उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात भाषा आणि इयत्ता निवडून शोध गाळता येतो. मात्र तिथल्या काही नोंदी बाहेरच्या सशुल्क संग्रहांकडे नेतात, हे लक्षात असू द्या. विद्यापीठांतले प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर मिळतात, आणि त्यांत मराठीत लिहिलेलेही आहेत.

शब्द निवडून टाका

जागा सापडली की शब्दांकडे वळा. इथे सगळ्यात मोठी मदत पाठ्यपुस्तकाची होते. शास्त्रीय संज्ञा देवनागरीत टाकल्या की हिंदी पानांचा लोंढा येतो, कारण पुष्कळ संज्ञा दोन्ही भाषांत सारख्या आहेत. म्हणून मराठी पुस्तकातलाच खास शब्द घ्या. अपूर्णांक, वर्तुळ, लसावि हे शब्द टाकलेत तर मराठीच पानं वर येतील, कारण हिंदीत यांना भिन्न, वृत्त, लघुत्तम समापवर्त्य म्हणतात. धड्याचं नाव पुस्तकात आहे तसंच, अवतरणचिन्हांत घालून टाका, म्हणजे ते शब्द त्याच क्रमानं असलेली पानं मिळतील. इयत्तेबरोबर ‘महाराष्ट्र बोर्ड’ हे शब्दही जोडा.

मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करण्याची सवय मोडा. ‘विज्ञान’ या एकाच शब्दाच्या रोमन स्पेलिंगची अनेक रूपं होतात, देवनागरीत एकच होतं. कीबोर्ड अवघड वाटत असेल तर फोनला बोलून सांगा. मराठी बोललेलं तो आता चांगलं टिपतो.

आणखी एक साधी युक्ती आहे. एखाद्या संकेतस्थळावरचा स्वतःचा शोध नीट चालत नसेल, तर गूगलमध्ये इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, लगेच दोन टिंबांचा कोलन आणि त्याला जोडून त्या संकेतस्थळाचा पत्ता लिहा. मग जागा सोडून तुमचा विषय लिहा. उत्तरं फक्त त्याच संकेतस्थळावरची येतील. तसंच ‘फाइलटाइप’, कोलन आणि ‘पीडीएफ’ असं इंग्रजीत लिहिलं तर फक्त पीडीएफ दिसतील. हे दोन संकेत एकदा वहीत लिहून ठेवा, जन्मभर कामाला येतील.

आजकाल अनेक जण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटला थेट विचारतात. शंका समजून घ्यायला तो उपयोगी पडतो, पण पुस्तकाचं नाव किंवा दुवा विचारलात तर तो कधीकधी नसलेलं पुस्तकही ठामपणे सांगतो. त्यानं दिलेलं नाव संस्थेच्या जागी जाऊन स्वतः पाहिल्याशिवाय मुलाच्या हाती देऊ नका.

सापडलेल्या पानावर लिहिणाऱ्याचं किंवा संस्थेचं नाव आहे का, वर्ष कोणतं आहे, हे बघा. दहावीची पुस्तकं २०१८ मध्ये बदलली, तरी आधीच्या अभ्यासक्रमाच्या नोट्स अजूनही इंटरनेटवर फिरत असतात. ज्या पानावर नाव नाही आणि वर्षही नाही, त्यावर परीक्षेची तयारी सोपवू नका. मोफत पुस्तकासाठी ओटीपी मागणारं पान तिथेच बंद करा. कुणी पाठवलेल्या एपीके फायलीतून अभ्यासाचं ॲप बसवू नका.

मोफत आणि मुक्त यांत फरक आहे

बहुतेकांना इथवरचं पुरेल. पण शिक्षकांनी आणि शिकवण्या घेणाऱ्यांनी पुढचं जरूर वाचावं. मोफत वाचता येतं ते सगळं वाटेल तसं छापता, बदलता किंवा वाटता येतंच असं नाही. बालभारतीची पीडीएफ मोफत आहे, पण तिचे हक्क मंडळाकडे आहेत. ती वाचा, मुलांना द्या, पण तिच्यातले धडे उचलून स्वतःच्या नावाची पुस्तिका काढू नका.

मुक्त शैक्षणिक साहित्य याहून वेगळं असतं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांसाठी खुले करायचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या एका बैठकीत अशा साहित्याला हे नाव मिळालं. २०१९ मध्ये युनेस्कोनं सदस्य देशांसाठी त्याबद्दलची शिफारसही मंजूर केली. त्यामागचा विचार असा की असं साहित्य विनाशुल्क घ्यावं, वापरावं, आपल्या गरजेप्रमाणे बदलावं आणि पुढे द्यावं, याची परवानगी कर्त्यानं आधीच देऊन ठेवलेली असते. दर वेळी विचारायला जावं लागत नाही.

ही परवानगी ओळखायची खूण सोपी आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेनं २००२ मध्ये तयार केलेले परवाने आता जगभर वापरले जातात. पानाच्या तळाशी किंवा पुस्तकाच्या सुरुवातीला गोलात ‘सीसी’ ही इंग्रजी अक्षरं दिसली की त्याच्या शेजारची चिन्हं बघा. माणसाची आकृती म्हणजे कर्त्याचं नाव द्या. वळून परत येणारा बाण म्हणजे तुम्ही बदल करून पुढे दिलंत तर तेही याच परवान्याखाली द्या. चलनाच्या चिन्हावर काट असेल तर व्यापारी वापर नको. बरोबरचं चिन्ह असेल तर बदललेलं रूप वाटू नका. एवढी चार चिन्हं ओळखता आली की तुमचं काम झालं.

याचा उपयोग काय, तो बघा. स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टींच्या परवान्यात कर्त्याचं नाव देण्याचीच अट आहे. त्यामुळे नंदुरबारच्या शाळेतला शिक्षक त्यातली गोष्ट पावरीत किंवा भिलीत करून, छापून, मुलांच्या हातात देऊ शकतो. विकिपीडियावरचा मजकूर आणि स्पोकन ट्युटोरियलचे पाठही नाव देऊन आणि तोच परवाना ठेवून पुढे वापरता येतात. वर्गासाठी चित्र हवं असेल तर गूगलच्या चित्रशोधात वापराच्या हक्कांचा पर्याय असतो, तिथे क्रिएटिव्ह कॉमन्स निवडा. यूट्यूबच्या फिल्टरमध्येही तशीच सोय आहे.

आपल्या कायद्यानं दिलेलं आणखी एक दार आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांची आहे. राम गणेश गडकऱ्यांचं लेखन त्याच्याही कितीतरी आधी खुलं झालं. अशी पुस्तकं मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक युनिकोडमध्ये उतरवतात, म्हणजे त्यातला शब्दन्‌शब्द शोधता येतो. मात्र नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, चित्रं आणि भाषांतर यांचे हक्क वेगळे असतात.

साहित्य करणाऱ्यांना विनंती

शेवटची आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची विनंती मराठी शिक्षकांना आहे. महाराष्ट्रात शिक्षक दरवर्षी कृतिपत्रिका, तक्ते, सराव प्रश्न, व्हिडिओ तयार करतात. ते व्हॉट्सॲपच्या गटांत फिरतं, पुढे जाताना त्यावरचं नाव गळतं, इयत्ता गळते आणि महिन्याभरात ते कायमचं हरवतं. फायलीचं नाव ‘न्यू फायनल टू’ असेल, मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असेल किंवा पानाचा फोटो असेल, तर जगातलं कोणतंही शोधयंत्र ते दुसऱ्या शिक्षकापर्यंत नेऊ शकणार नाही. पलीकडच्या तालुक्यातला शिक्षक तेच काम रात्री जागून पुन्हा करतो. मराठीत काही मिळत नाही, ही तक्रार ज्या थोड्या जागी खरी आहे, तिथे ती अशी खरी होते.

हे आपल्या हातात आहे. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. फायलीला विषय, इयत्ता आणि धडा यांचं नाव द्या. पहिल्या पानावर तुमचं नाव, वर्ष आणि परवान्याची एक ओळ लिहा: हे साहित्य कर्त्याचं नाव देऊन कुणीही वापरावं, बदलावं आणि वाटावं. मग ते गटात टाकाच, पण शाळेच्या संकेतस्थळावर किंवा सर्वांना उघडता येईल अशा जागीही ठेवा. दुसऱ्याचं घेतलं असेल तर त्याचं नाव आणि मूळ दुवा द्या. ज्याला वेळ आहे त्यानं मराठी विकिपीडियातला आपल्या विषयाचा एक लेख सुधारावा.

गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांनाही सांगणं आहे. वर सांगितलेल्या जागांचे क्यूआर कोड एका कागदावर छापा, खाली प्रत्येकाचा उपयोग एका ओळीत मराठीत लिहा आणि तो कागद दारापाशी लावा. ज्या घरात डेटा पुरत नाही तिथल्या मुलांना फायली पेन ड्राइव्हवर उतरवून द्या. स्पोकन ट्युटोरियलचे पाठ आणि फेटचे प्रयोग इंटरनेटशिवाय चालतात, त्यांच्यापासून सुरुवात करता येईल.

पालकांनी या आठवड्यात एवढंच करावं: मुलाला शेजारी बसवून ई-बालभारती उघडावं, पुस्तकातला एक कोड दीक्षावर टाकून बघावा आणि उपयोगी वाटलेल्या पानाचा दुवा वहीत, तारखेसह, लिहून ठेवावा. मूल पुढच्या वेळी स्वतः शोधेल. शिक्षकांनी आपलं एक, फक्त एकच, चांगलं साहित्य नाव, इयत्ता आणि परवाना घालून खुलं करावं. शोधणाऱ्याला वाट माहीत असेल आणि ठेवणाऱ्यानं नीट नाव घालून ठेवलं असेल, तर मराठीत शिकणाऱ्या मुलाला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. हे काम सरकारी आदेशाची वाट न पाहता सुरू करता येतं. कृपया सुरू करा.